डवऱ्याला जुंपलेला कुत्रा

आमच्या बायकोनं आयुष्यात कधी पहिल्या झटक्यात एखादी गोष्ट पसंत केलेली नाही. साडी घ्यायची तर आर्णीचा दुकानदार सगळं दुकान खाली उतरवतो, गादीवर साड्यांचा डोंगर होतो, दुकानदार त्या डोंगराखाली गाडला जातो, आणि आतून त्याचा बारीक आवाज येतो, "वहिनी, अजून दाखवू का?" तर ही म्हणते, "दाखवा." मला पसंत करतानाही तिनं माझ्या सासऱ्यांना विचारलं होतं म्हणतात, की यात दुसरा रंग नाही का.

म्हणून त्या दिवशी यवतमाळच्या त्या निवाऱ्यात, जिथं बेवारस कुत्रे सांभाळतात, एका कुत्र्यानं जाळीतून तोंड काढून तिच्या पदराचं टोक धरलं, टर्रकन फाडलं, फाडलेला तुकडा तिच्यासमोरच चावला, आणि ही बाई म्हणाली, "हाच पायजे," तेव्हा मी भिंतीला टेकलो. भिंत नसती तर मी आज तुम्हाला हे सांगायला नसतो.

कुत्रा आणायचं काहून ठरलं, तेही सांगतो. आमची एकुलती एक लेक नोकरीला पुण्याला गेली आणि घर एकदम सुनं झालं. मी म्हटलं, सुनं कसं, मी आहे ना! माझा आवाज नेरपर्यंत ऐकू जातो, असं नेरचेच लोक सांगतात. तर बायको भाकर थापता थापता म्हणाली, "आवाज तुमचा हाय. सोबत कोनाची नाही." तवा तापलेला होता, मी मागं सरकलो. मग तिनं कुठूनसं ऐकलं की यवतमाळला असे बिनमालकाचे कुत्रे मिळतात, आणि आम्ही मोटारसायकल काढली.

निवाऱ्याच्या मॅडम तरुण होत्या, पण डोळ्यांत हेडमास्तरीण. त्या म्हणाल्या, "काकू, हा नको. हा दोन घरांतून परत आलाय."

"काहून?"

"याच्यात ताकद फार आणि धीर अजिबात नाही. बांधला की दोर तोडतो, सोडला की चपला पळवतो, कुणी दिसलं की अंगावर उडी मारतो. चावत नाही, पण पाडतो. दुसऱ्या घरच्या आजोबांना पाडलं त्यानं."

"पाडू द्या," बायको म्हणाली. "मी खालीच बसत असतो."

मी मनात म्हटलं, मी तर उभा असतो ना!

मॅडमनी मग एक गोष्ट सांगितली आणि तिथून पुढं सगळ्याचा रंग बदलला. त्या म्हणाल्या, "न्यायचा असेल तर न्या. पण दिवसभर साखळीला बांधून ठेवायचा नाही, मारायचं नाही, आणि त्याच्यापासून कुणाला इजा व्हायला नको. मी न सांगता पाहायला येईन. मनासारखं नसलं तर परत आणीन. आणि तिसऱ्यांदा परत आला ना काकू, तर मी त्याला पुन्हा कुठल्याच घरी देणार नाही. किती वेळा त्याचं मन मोडायचं? मग तो इथंच, जाळीत."

"किती दिवस?"

"कायमचा."

बायकोनं जाळीला हात लावला. आत तो गडी तिच्या पदराचा तुकडा पायाखाली धरून बसला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात 'जाळी' हा शब्द उच्चारायची सोय राहिली नाही. मी कोंबड्यांची जाळी आणायला निघालो तरी ती दचकायची.

घरी आणतानाचं काय सांगू! मोटारसायकलवर मी पुढं, बायको मागं, मधे तो. निघताना मधे होता. गावाबाहेर पडेपर्यंत तो माझ्या काखेतून पुढं सरकला, पेट्रोलच्या टाकीवर बसला आणि दोन्ही पंजे हँडलवर ठेवले. वाऱ्यानं त्याचे कान मागं, जीभ बाहेर. मला पुढचं काही दिसेना, पण गाडी बरोबर चालली होती. आर्णी रोडला समोरून येणारे ट्रकवाले त्याला हात करत होते, मला नाही. एका ठिकाणी पोलीस उभा होता. त्यानं अडवलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, कुत्र्याला पाहिलं, आणि मला म्हणाला, "तुम्ही मागं बसा." देवाशपथ.

पहिल्या आठवड्यात त्यानं आमच्या घराचा जो उद्धार केला, त्याची नुसती यादी वाचली तरी इन्शुरन्सवाले बेशुद्ध पडतील. त्यानं बाज ओढत अंगणात नेली, माझ्यासकट. पाण्याच्या माठात तोंड घातलं, ते निघेना, तर माठ डोक्यात घेऊन तो गल्लीभर फिरला, आणि समोरच्या घरचं लेकरू ओरडलं, "आये, माठ पळून राह्यला!" कासऱ्याचा दोर, म्हणजे ज्या दोरानं जोडी आवरतात तो दोर, त्यानं शेवईसारखा तोडला. माझ्यावर तर तो दर वेळी अशी उडी घ्यायचा, की जणू मी लढाईवरून परत आलो. मी फक्त संडासाहून आलेलो असायचो.

बायकोवर मात्र नाही. ती खाली बसलेली असायची, भाजी निवडत. तो तिच्याभोवती वादळासारखा फिरायचा आणि तिला घासून थांबायचा. ती म्हणायची, "अबे, बस ना बावा." तो बसायचा नाही. पण कान द्यायचा.

मग आला तो दिवस. आमच्या शेजारी माझा लहानपणापासूनचा सोबती राहतो. आमची शेतंही धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते, चांगले जीपभर. पाहुण्यांनी ओसरीबाहेर चपला-बूट काढले आणि आत पोहे खायला बसले. इकडं आमचा गडी दोर तोडून मोकळा.

पोहे झाले, चहा झाला, मुलगी आली, गेली. पाहुणे उठले, बाहेर आले, तर ओसरीसमोर एक चप्पल नाही. नवरदेवाचे नवे बूट नाहीत, बापाची वहाण नाही, मामाच्या सँडल नाहीत. सगळे अनवाणी, एकमेकांकडं पाहत. आणि आमच्या अंगणात, तुळशीजवळ, चपलांची अशी रास की वाटावं इथं सप्ताह बसलाय. राशीवर आमचा गडी, राजासारखा, नवरदेवाचा एक बूट तोंडात.

मी पळत गेलो आणि त्या वेळी जे सुचलं ते बोललो. म्हटलं, "पाहुणे, हा आमच्या गावचा मान हाय. सोयरीक जमाची असन तं चपला अशा लपवतेत."

नवरदेवाचा बाप म्हणाला, "कुत्र्याच्या हातानं?"

"खास शिकवला हाय," मी म्हटलं.

नवरदेव एका पायात बूट घालून जीपमध्ये बसला. दुसरा बूट होता, पण त्याला बोटं राहिली नव्हती. जीप गेली. सोयरीक त्या दिवशी तरी अडली, आणि शेजारी माझ्या अंगणात आला. आयुष्यात मी त्याला इतका लाल पाहिला नव्हता.

"तुह्या कुत्र्यापायी माह्या पोरीचं लगन मोडन, समजलं का तुले?"

"अबे, पाहुणेच हलके निघाले. बुटासाठी कोनी—"

"गप! त्याच्या गळ्यात त्या बाईचा फोन नंबर लटकून राह्यला. आता अजून एक गोष्ट झाली, तं मी फोन लावतो अन् त्याले घेऊन जा म्हणतो. पाह्यजो तू!"

खरंच, गड्याच्या गळपट्ट्याला निवाऱ्याच्या नंबरचा बिल्ला होता. हरवला तर सापडावा म्हणून मॅडमनीच लावलेला. मी शेजाऱ्याकडं पाहून हसलो, कारण दुसरं काय करणार. पण दारात बायको उभी होती. तिच्या हातातलं सूप तिरपं झालं होतं आणि डाळ खाली सांडत होती, तिला कळत नव्हतं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "तो परत गेला तं जन्मभर तिथं. मले घास जाणार नाही."

"कुठं जाते तो! मी हाय ना."

"तुमी हाय," ती म्हणाली, "हेच तं."

आता मला एकच शाळा ठाऊक. कुत्रा कसा शिकवतात ते मला माहीत नाही, आमच्या बापालाही माहीत नव्हतं. आमच्याकडं कुत्रा आपोआप मोठा होतो आणि आपोआप म्हातारा होतो. पण गोऱ्हा कसा शिकवतात, ते मी झोपेतही सांगीन. तरणा गोऱ्हा, अंगात मस्ती, मान कोणाला देत नाही, तर त्याला मारून उपयोग नसतो. त्याला जुन्या, शहाण्या बैलाच्या बाजूला बांधायचा. म्हातारा बैल त्याला काही शिकवत नाही. तो नुसता चालतो. गोऱ्हा उड्या मारतो, बसतो, अंग टाकतो, म्हातारा उभा राहतो आणि वाट पाहतो. चार दिवसांत गोऱ्ह्याला स्वतःचीच लाज वाटते.

मी बायकोला म्हटलं, "उद्यापासून हा डवऱ्याबरोबर."

"अजी, तो कुत्रा हाय!"

"मग काय झालं? पाय चारच हायेत ना!"

डवरा म्हणजे आमच्याकडं पिकाच्या दोन तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं बैलांचं अवजार. श्रावण लागलेला, सोयाबीन गुडघ्याला यायचं होतं, तण मात्र कमरेला. जोडी होती: उजवीकडं तरणा, डावीकडं आमचा म्हातारा. हा म्हातारा असा बैल आहे, की त्याच्या पाठीवर वीज पडली तर तो आधी वळून पाहील, मग विचार करील, आणि मग कान हलवील. जुवाच्या डाव्या टोकाला मी एक सैल दोर बांधला, दोराला कुत्रा. जू त्याच्या मानेवर नव्हतं, हे लक्षात ठेवा. पुढं हेच कोणी ऐकून घेतलं नाही. आणि तो बैलाच्या टाचा धरायला लागला म्हणून मी सुतळीचं एक लहानसं मुसकं विणलं. बैलांना पिकात तोंड घालू नये म्हणून जाळीदार मुसकं बांधतो ना, तसंच, फक्त कुत्र्याच्या मापाचं. माप थोडं चुकलं. ते कधी तोंडावर असायचं, कधी एका कानावर, टोपीसारखं. त्यातून तो व्यवस्थित भुंकायचा, पाणीही प्यायचा.

पहिल्या दिवशी गड्यानं म्हाताऱ्यावर भुंकून भुंकून स्वतःचा घसा बसवला. म्हातारा चालला. गडी आडवा पडला. म्हातारा थांबला, उभा राहिला, एक मोठ्ठा उसासा सोडला. त्या उसाशानं कुत्र्याचे सगळे केस मागं गेले. तो दचकून उठला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडं असं पाहत राहिला, जणू जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला घाबरलं नव्हतं, त्याच्यावर ओरडलं नव्हतं, आणि त्याला सोडून गेलंही नव्हतं. दोर ताणलेलाच होता, पण त्या दिवशी तोडला नाही.

पुढं काय झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी माझा विश्वास बसत नव्हता. गडी तासातून चालायला लागला. म्हाताऱ्याच्या पुढच्या पायाला लागून, मान खाली, चाल तीच. धुऱ्याशी जोडी वळली की तोही वळायचा. आम्ही भाकर खायला बसलो की तो बैलाच्या पोटाच्या सावलीत. घरी आल्यावर मात्र तोच जुना पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा भुंगा. पण दमलेला भुंगा. चपला सुरक्षित राहू लागल्या. बायको परत जेवायला लागली.

आता एवढं झाल्यावर माणसानं गप्प राहावं. पण मी गप्प राहतो म्हणजे काय, सूर्य पश्चिमेला उगवतो! मी चौकात चहाला बसलो आणि म्हटलं, "आमचा कुत्रा डवरा ओढते."

"काय?"

"ओढते म्हणजे? बैल सावलीत बसते अन् तो ओढते. काल त्यानं अख्खं धुऱ्याकडचं वावर एकट्यानं केलं. संध्याकाळी मी म्हटलं, बस कर बावा, तं माह्यावर गुरगुरला. म्हणे अजून दोन तास राह्यले."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "पुढच्या साली त्याले वखरालेही धरा." मी म्हटलं, "धरतो ना. अन् पोळ्याले त्याची शिंगं रंगवतो." पुन्हा हसले. कोपऱ्यात शेजारी बसला होता. तो हसला नाही. आपला कप खाली ठेवून उठला आणि गेला.

दोन-तीन दिवसांनी दुपारी आम्ही वावरात होतो. मी डवऱ्यावर, म्हणजे डवरा उभा होता आणि मी धुऱ्यावर बसून दोन मजूर बायांना माझ्या लहानपणीच्या पुराची गोष्ट सांगत होतो. बायको खालच्या अंगाला निंदत, म्हणजे हातानं तण उपटत होती. आमचं वावर रस्त्याला लागून आहे, आणि रस्त्यावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. त्यातून मॅडम उतरल्या. गळ्यात मोठी निळी ओढणी, पायात बूट, आणि चेहरा असा की त्यांना पाहून तण आपोआप उपटून यावं.

त्यांना जे दिसलं ते मी त्यांच्या जागेवरून सांगतो. चिखलात एक जोडी. जुवाला दोर. दोराला त्यांचा कुत्रा. तोंडाला मुसकं, आणि नेमकं त्याच वेळी ते अगदी बरोबर बसलेलं!

"हे काय आहे?" त्या रस्त्यावरूनच ओरडल्या. "हे काय आहे, काका? कुत्र्याला औताला जुंपलंय तुम्ही?"

"नाही मॅडम, जुंपला नाही, तो नुसता..."

"मला फोन आला होता. मला खोटं वाटलं. म्हटलं, असं कोणी करेल का? तुम्ही स्वतः चौकात सांगितलंत म्हणे, की बैल सावलीत बसतो आणि हा ओढतो!"

"ते बोलाचं होतं. मी तसा बोलत असतो."

"आणि अख्खं शेत त्यानं एकट्यानं केलं म्हणून?"

मी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगत होतो आणि ते माझ्याच तोंडून मला खोटं वाटत होतं. मी बायांकडं पाहिलं, म्हटलं ह्या तरी साक्ष देतील. त्यातली एक म्हणाली, "आमाले काही माहीत नाही बापा. आमी तं पुराची गोष्ट ऐकून राह्यलो होतो."

मॅडम धुरा ओलांडून वावरात उतरल्या. खालच्या अंगाहून बायको उठून उभी राहिली होती. हातात विळा. ती तिथूनच म्हणाली, "मॅडम, ऐका ना," पण तिचा आवाज नेहमीच बारीक, आणि वारा उलटा. मॅडमनी दोर सोडला, मुसकं काढलं, फेकलं. "चल बाळा," त्या म्हणाल्या, "घरी चल." आणि त्यांचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मला तुरुंगात टाकलं असतं.

'बाळा' म्हटल्यावर बाळानं काय केलं? त्यानं त्यांच्या छातीवर दोन्ही पंजे दिले. मॅडम चिखलात बसल्या, पूर्ण. त्यांची ओढणी त्यानं तोंडात धरली, एक झटका, आणि निळी ओढणी पतंगासारखी मागं उडवत तो निघाला, सरळ तासातून रस्त्याकडं.

आणि आर्णीकडून एसटी येत होती.

"थांब! स्टॉप! कम! सिट!" मॅडम बसल्या जागेवरून ओरडल्या. त्यानं वळूनही पाहिलं नाही. मी ओरडलो. माझा आवाज, जो नेरला ऐकू जातो. तर तो अजून जोरात पळाला. त्याला वाटलं असेल गोष्ट सुरू झाली. एसटी जवळ आली, हॉर्न वाजला. माझे पाय चिखलात रुतले होते. मला वाटलं, जाळी राहिली बाजूला, हा आता गाडीखाली जाते.

तेव्हा मागून एक आवाज आला. मी तीस वर्षं त्या बाईबरोबर संसार केला, शपथेवर सांगतो, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. पोटातून आलेला, लांब, सपाट, बैल थांबवायची आमची हाक:

"होऽऽऽ... होऽ!"

कुत्रा थांबला. म्हणजे कसा थांबला? एक पाय हवेत, दुसरा डांबराच्या काठावर, ओढणी तोंडात, पुतळा. इकडं दोन्ही बैल चालत नव्हते, तरी अजून थांबले. आणि एसटीनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरही कोण्यातरी शेतकऱ्याचाच लेक असणार.

कोणी हललं नाही. एसटीच्या खिडक्यांतून सगळं आर्णी आमच्याकडं पाहत होतं. बायको विळा हातात घेऊन तासातून चालत गेली, घाई न करता, आणि साध्या आवाजात म्हणाली, "चाल बावा. चाल, चाल." गडी वळला. ज्या तासातून गेला होता त्याच तासातून परत आला. जाताना त्यानं सोयाबीन तुडवलं होतं, येताना एका झाडाला अंग लावलं नाही. सरळ म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन, पुढच्या पायाला लागून, उभा राहिला. दोर नाही, मुसकं नाही. म्हाताऱ्यानं एकदा कान हलवला.

एसटी गेली.

मॅडम अजून चिखलातच होत्या. त्या म्हणाल्या, "काकू... हे कोणी शिकवलं त्याला?"

मी छाती पुढं काढली. तेवढ्यात बायको म्हणाली, "बैलानं."

"आणि हाक? तुमच्या हाकेला थांबला तो."

"मंग? मीच हाणतो ना डवरा. हे धुऱ्यावर बसून गोष्टी सांगतेत, तेवा काम कोन करते?"

माझी छाती आत गेली. कारण ते खरं होतं, आणि मला इतक्या वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. मला नेहमी वाटायचं वावर आपोआप होते. मजूर बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, म्हणजे त्यांना ठाऊक होतं, बैलांना ठाऊक होतं, आता कुत्र्यालाही.

"पण जुवाला का बांधलं होतं?" मॅडमचा आवाज थोडा खाली आला होता, पण त्यांनी मुद्दा सोडला नव्हता. "मुसकं कशाला?"

बायको त्यांच्याजवळ जाऊन चिखलात उकिडवी बसली, जशी भाजी निवडायला बसते. "मॅडम, तुमी म्हणल्या होत्या साखळीनं बांधू नका. आमी बांधला नाही. सोबत देल्ली. त्याले कोनी सोबत राहू देल्लंच नव्हतं, दोन घरं बदलली त्यानं. हा बैल कुठी जात नाही. म्हणून तोही जात नाही." मग ती थांबली. "घेऊनच जाचा असन तं न्या. पण मंग बैलही न्या लागन. त्याच्याबिगर तो भाकर खात नाही."

मॅडमनी म्हाताऱ्या बैलाकडं पाहिलं, मग आपल्या पांढऱ्या गाडीकडं. मापं काही जमेनात.

मला वाटलं, आता माझी वेळ आली. मी पुढं झालो आणि सुरुवात केली, "मॅडम, ह्या बैलाचं तं तुम्हाले सांगतलं नाही, एकदा याच्या पाठीवर वीज—"

"होऽ," बायको म्हणाली. हळूच. न वळता.

आणि मी थांबलो. देवाशपथ, माझा एक पाय हवेत राहिला. मॅडम इतक्या जोरात हसल्या की परत मागं चिखलात गेल्या. तोंडावर हात ठेवून हसत होत्या, हातालाही चिखल, तोंडालाही.

हसणं ओसरल्यावर त्या उठल्या, बायकोनं हात दिला. त्या म्हणाल्या, "आता चालवून दाखवा. असाच. मोकळा." बायकोनं डवऱ्याची मूठ धरली, जोडी हलली, आणि गडी म्हाताऱ्याच्या बाजूनं, ओढणी तोंडात, तासाच्या शेवटापर्यंत गेला, वळला, परत आला. मॅडम धुऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. माझ्या जागेवर. मी खाली उभा होतो.

"मुसकं पुन्हा नको," त्या म्हणाल्या. "आणि दोरही नको. लागतच नाही त्याला."

"हाव," बायकोनं मान डोलावली. "अन् तुमी कधी येसान मंग? पाहाले?"

"मी आता येणार नाही."

बायकोचा चेहरा उतरला. तिला वाटलं भलतंच.

"म्हणजे तपासायला येणार नाही, काकू. तुमचा आहे तो." त्यांनी ओढणीकडं पाहिलं, तिची आता जाळी झाली होती, पण तो शब्द कोणी उच्चारला नाही. "ओढणीही त्याचीच."

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो आणि रस्ताभर काही बोललो नाही, हे त्यांनाही विचित्र वाटलं असेल. गाडी वळली. शेजारी त्याच्या वावरातून सगळं पाहत होता. तो पाठ फिरवून पऱ्हाटीत शिरला.

मी परत आलो तर बायको पुन्हा निंदायला बसली होती. गडी तिच्या मागं पसरला होता, दमून. ती मान खाली घालून, पदर कपाळापर्यंत ओढून, भराभर उपटत होती. मी जवळ गेलो. तिच्या बाजूला हिरवा ढीग झाला होता. मी वाकून पाहिलं. तणाची एक काडी त्यात नव्हती. आमची ही बाई, जिनं जन्मात कधी पिकाचं एक पान वाया जाऊ दिलं नाही, तासातलं चांगलं सोयाबीन मुळासकट उपटून राह्यली होती, आणि तिला दिसत नव्हतं.

मी तिला थांबवलं नाही. एक पूर्ण ओळ गेली तेव्हा कुठं तिनं डोळे पुसले.